केबलचं दुसरं टोक

विश्वास बसणार नाही, माहितीय मला. हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, कृतिकाच्या बाबतीत घडलंय आणि ती थापा मारणारी पोरगी नाही.

रात्र-बित्र काही नव्हती हं. मागच्या पितृपक्षातली भर दुपार. जागा डोंबिवली, मानपाडा रोडला हर्षितच्या घराची मागची खोली.

हर्षित म्हणजे कृतिकाचा जोडीदार. गाण्यातला तर होताच, पुढे आयुष्यातलाही होणार होता. ती ठाण्यातल्या खोपटची, तो डोंबिवलीचा. दोघं मंडळांसाठी देवीची गाणी करायचे. ती गायची, तो म्युझिक करायचा.

कृतिकाचा कॉम्प्युटर जुना. चार वाद्यं चढवली की हँग. मग हर्षितने डोकं चालवलं. तिचा कॉम्प्युटर आपल्या खोलीत आणून ठेवला, केबलने आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि ओझं वाटून घेतलं. तिच्या मशीनवर फक्त तिचा आवाज. संबळ, ढोल, व्हायोलिन, सगळं जड काम त्याच्या मशीनवर. दोन्ही मिळून एक गाणं वाजायचं.

त्याचं मशीन बंद असलं, की तिचा नुसता कोरडा आवाज.

"सगळं एकाच मशीनवर उतरवून ठेवूया ना रे," ती म्हणायची.

"कशाला? मी आहे ना," हा म्हणायचा.

आणि ऐन गणपतीत शीळफाट्याला बाईकच्या अपघातात गेला. जागच्या जागी.

नवरात्र तोंडावर आलेलं. टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाचं गाणं ठरलेलं. कृतिकाचं एकटीचं, पहिलंच. त्यापायी तिने चांगली नोकरी सोडलेली. म्हणून तेरावं झाल्यावर मन घट्ट करून ती डोंबिवलीला गेली.

दार हर्षितच्या आईने उघडलं, कलावतीकाकूंनी.

"अगं, त्याचं मशीन राकेशने कालच विकलं," काकू म्हणाल्या. "मला बघवत नव्हतं गं ते."

राकेश म्हणजे हर्षितचा भाऊ. संपलं! अर्धं गाणं गेलं.

खोलीत टेबल अर्धं रिकामं. केबलचं दुसरं टोक फरशीवर पडलेलं.

निदान आपला आवाज तरी घेऊन जावा, म्हणून तिने स्वतःचं मशीन लावलं. गाणं सुरू केलं.

आधी तिचा कोरडा आवाज आला.

मग... संबळ.

मग ढोल. मग व्हायोलिन.

स्क्रीनवर दिसत होतं, दुसरा कॉम्प्युटर जोडलेला आहे.

तिने फरशीवरचं टोक उचललं.

ते... गरम होतं.

मी असते तर चपला तिथेच टाकून पळाले असते. ही येडी रडायला लागली. "आलास ना रे हर्षित? माझं गाणं पुरं करायला आलास ना?"

पहिलं कडवं आलं.

तिचा आवाज बारीक व्हायला लागला...

तिने आवाज वाढवला. ढोल वाढला. ती मात्र विरत गेली, आणि मग ऐकूच येईना.

त्या जागी दुसरंच कुणीतरी गात होतं.

पहिल्या ओळीतच तिने ओळखलं. सोनल! कृतिकाची स्वतःची शिष्या. हिनेच तिला बोटाला धरून हर्षितकडे नेलेलं.

गाणं तसंच वाजत होतं. हिने सोनललाच फोन लावला.

"सोनल, माझं गाणं तू गायलीस?"

पलीकडून हुंदका आला.

"सॉरी ताई... हर्षितदादा बोलला, कृतिकाचा आवाज पुरत नाही, तू गा. तुला नंतर सांगणार होता तो."

केसाने गळा कापला हो मेल्याने!

"रेकॉर्डिंग कधी केलंत?"

"केलंच नाही ताई. त्याच दिवशी करणार होतो. मला न्यायलाच येत होता तो. मी शीळफाट्याला उभी होते..."

कृतिकाने वाजणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं.

आणि फोनवर सोनल घाबरून म्हणाली, "ताई... तुझ्या मागे ते कोण गातंय?"

कृतिकाने केबल उपटली. गाणं थांबलं नाही. प्लग खेचला. स्क्रीन काळी झाली, तरी सोनलच्या आवाजात शेवटची ओळ पुरी झाली. मगच सगळं गप्प झालं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्यावरही गेली नाही.

ते गाणं मंडळाकडे गेलंच नाही. कृतिका आता गात नाही, घरात साधं गुणगुणतही नाही. तिचा कॉम्प्युटर माझ्याकडे माळ्यावर पडलाय. चालू करायची माझी छाती नाही.

परवा तिला विचारलं, "अजून भीती वाटते का गं?"

"भीती कसली?" ती म्हणाली. "मेलेला माणूस परत आला गं. आणि तेव्हाही माझ्यासाठी नाही आला."