पोचा उत्तरेला

मंगळावरच्या फोटोंत लोकांना काय काय दिसतं, याची वृंदा टेंबेने एक यादीच केली होती. चमचा, मांडीचं हाड, दरवाजा, बसलेली बाई, एकदा तर चक्क इडली. तिथे फिरणाऱ्या यंत्रगाडीने फोटो पाठवायचा, जगभरच्या रिकामटेकड्यांनी तो मोठा करकरून पाहायचा आणि हा दगड नव्हे म्हणून गिल्ला करायचा, हे नेहमीचंच. मग सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या ब्लॉकच्या विज्ञान मंडळात शनिवारी दुपारी त्यावर सभा भरायची. मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि बिनदुधाचा लाल चहा झाला, की त्रेसष्ट वर्षांची वृंदा उठून पहिला प्रश्न विचारायची, "यात मोजमाप कुठे आहे?" पुढच्या रांगेतले बंगाली आजोबा तिच्याबरोबरच तो प्रश्न पुटपुटायचे.

थट्टा सोडा, प्रश्न खरा होता. बत्तीस वर्षं सरकारी भूगर्भ खात्यात तिने हेच केलं होतं. खडकाचा फोटो काढताना शेजारी एखादी ओळखीची वस्तू ठेवायची, नाहीतर समोर बोटभर भेग आहे की मोठी दरी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. कुणी नाणं ठेवतं, कुणी हातोडी. वृंदा आईच्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण ठेवायची. बरोब्बर बेचाळीस मिलिमीटर. झाकणाच्या कडेला एक पोचा आला होता आणि ठेवताना तो पोचा उत्तरेला करायचा, म्हणजे फोटोवरून दिशाही कळते, ही तिची स्वतःची पद्धत. मग मागे सरकून सगळ्यांना बजावायचं, "फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नाही."

हेमंत सबनीस म्हणायचा की आमच्या वृंदाबाई खडकालासुद्धा कुंकू लावून येतात. हेमंत तिचा खात्यातला जोडीदार. त्या ऑफिसात मराठी बोलणारी ही दोनच माणसं, त्यामुळे त्यांची भांडणंही खासगी राहायची. तिचा नवरा शरद गेला तेव्हा विमानतळाजवळच्या डमडमहून पहाटे सर्वांत आधी पोचला तो हेमंतच. मंडळातही दोघं जोडीनेच बोलायची. ती प्रश्न विचारायची आणि तो लोकांना हसवायचा.

झाकण मात्र सत्त्याण्णव सालीच हरवलं होतं. पुरुलियाच्या एका बंद खाणीत काम चालू होतं, वृंदाला ताप होता, म्हणून तिने ते एका दिवसापुरतं हेमंतला दिलं. संध्याकाळी त्याने सांगितलं की तुझ्याच पिशवीत परत टाकलंय. पिशवीत ते नव्हतं. आपणच धांदरटपणा केला असं समजून ती दोन दिवस अंगात ताप घेऊन त्या खाणीत गुडघ्यांवर रांगली. घरच्या आरशासमोर करंडा अजून होता. त्यातलं कुंकू उडू नये म्हणून ती वर कापूस दाबून ठेवायची.

यंदाच्या जानेवारीत नवा फोटो आला. थराथरांचा एक खडक आणि त्याच्या पायथ्याशी काहीतरी गोल, चपटं, पिवळसर. दोन दिवसांत जगभर वाद पेटला. बाटलीचं बूच, नाणं, यंत्रगाडीचाच निखळलेला तुकडा, ज्याला जे सुचेल ते तो ठोकून देत होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा चौकटींत सहा माणसं एकमेकांवर खेकसत होती. वृंदाने मूळ फोटो उघडला आणि त्या गोलापाशी मोठा केला.

गोलाच्या उजव्या कडेला पोचा होता.

फोटोखाली लिहिलं होतं की कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे उजवीकडे उत्तर. वृंदा उठली, आरशासमोरचा करंडा हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. तिला भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटतेय याची लाजही वाटली.

तिने फक्त हेमंतला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस? कुणालाच नाही, ती म्हणाली. मग सांगूही नकोस, लोक वेड्यात काढतील, शनिवारी सरळ दगड म्हणून सांग, मीही दगडच म्हणेन, असं त्याने समजावलं. फोन ठेवताना तिला हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात आपलं म्हणावं असं एक माणूस आहे, असं वाटलं.

त्या शनिवारी हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि एका चॅनेलचा कॅमेराही होता. वृंदाने सांगितलं की ही लोहाची गुठळी आहे, मंगळावर अशा गोल गुठळ्या पूर्वीही सापडल्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच ती खडकाबद्दल खोटं बोलली. मोजमाप कुठे आहे, हे विचारायला या वेळी तिची जीभ रेटली नाही.

मग हेमंत उठला. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याने तो लॅपटॉपला लावला. पडद्यावर पंचाण्णव सालचा तिचा एक फोटो आला आणि शेजारी मंगळावरचा. तोच आकार, तोच पोचा.

"ही गुठळी नाही," तो बंगालीत म्हणाला. "हे वृंदा टेंबेंचं झाकण आहे. त्यांना ते माहीत आहे. त्यांनीच मला फोनवर सांगितलं."

हॉलमध्ये एकच गलका झाला. हेमंत मात्र थांबेना. हे झाकण वृंदा टेंबेंचं आहे, असं त्याने तीन वेळा सांगितलं, पूर्ण नाव घेऊन, एकदा तर घर नंबर आणि ब्लॉकसकट. बोलताना तो लोकांकडे बघत नव्हता आणि कॅमेऱ्याकडेही नाही. खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे बघून तो बोलत होता.

रात्रीपर्यंत ते सगळीकडे पसरलं. निम्म्या लोकांच्या मते दोघांनी मिळून फोटोत खोडसाळपणा केला होता. उरलेल्यांच्या मते बाईने सत्य दडवलं होतं. खोटारडी ठरली ती मात्र दोन्हीकडून वृंदाच. मंडळाच्या सेक्रेटरींनी फोन करून अतिशय गोड शब्दांत कळवलं की पुढचे काही शनिवार दीदींनी विश्रांती घ्यावी. सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून मुलीचा, आभाचा फोन आला.

"आई, सगळे मला विचारून राहिलेत," ती तिच्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाली. "तू खोटी का बोललीस? मला तरी खरं सांगायचं ना."

वृंदाने फोन ठेवून दिला. जन्मभर जपलेला शब्द एका दुपारीत गेला होता, आणि तो हेमंतने घालवला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती डमडमला त्याच्या घरी पोचली. त्याच्या बायकोने, सुधाने, दार उघडलं आणि मान खाली घालून ती आत निघून गेली. हेमंत जेवत होता. कितीतरी दिवसांनी शांत झोप लागलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा निवळला होता. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

"सत्त्याण्णव साली झाकण हरवलं नव्हतं," तो आपणहून म्हणाला.

मग भात कालवता कालवता त्याने सांगितलं. त्या दुपारी तो खाणीत एकटा होता. कड्याच्या पायथ्याशी त्याला काहीतरी दिसलं, गुडघ्याएवढ्या उंचीचं. दगड नव्हता. काय होतं ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येत नव्हतं. एवढंच लक्षात राहिलं होतं की त्या वस्तूची सावली उलटी, उन्हाच्याच दिशेला पडली होती. सवयीप्रमाणे त्याने शेजारी झाकण ठेवलं, मागे आला, कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला तेव्हा ते नव्हतं. झाकणही नव्हतं. फोटो धुऊन आला, त्यात नुसता कडा होता.

"मी दोन दिवस रांगत होते हेमंत. तू दगडावर बसून बघत होतास."

"हो."

"आणि काल?"

त्याने हात ताटात तसाच ठेवला. "झाकण ठेवलं मी होतं, वृंदा. इतकी वर्षं मला वाटायचं, ते जे काही होतं ते परत आलं तर ज्याने ठेवलं त्याच्याकडे येईल. पण झाकण माझं नाहीच ना. कुणाचं आहे, ते कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं."

"कुणाला सांगायला?"

छपरावरून एक विमान घरघरत उतरलं. ते पूर्ण जाईपर्यंत हेमंत थांबला, आणि मग त्याने सुधाला ताक आणायला सांगितलं.

"केसाने गळा कापलास माझा," वृंदा म्हणाली आणि उठली. परतीच्या मेट्रोत ती रडली. समोरच्या बाईने तिला बसायला जागा दिली.

घरी आल्यावर एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. हेमंतने फोटो काढताना उत्तर दिशा कधीच पाळली नव्हती, त्यावरून ती त्याला कितीदा बोलली होती. मंगळावर मात्र पोचा नेमका उत्तरेला होता. आणि मोजमापाची वस्तू आपोआप पडलेली नसते. ती कुणीतरी ठेवतं, आणि जे दाखवायचं असतं त्याच्या शेजारी ठेवतं. सगळं जग झाकणाकडे बघत बसलं होतं, शेजारी काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी नवा फोटो आला. यंत्रगाडीने आपल्याच चाकाचा काढलेला, नेहमीचा तपासणीचा. खडकाच्या पायथ्याशी आता काही नव्हतं. झाकण चाकाच्या शेजारी होतं, पोचा उत्तरेला. बाकी दगडांच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या. चाकाची डावीकडे.

वृंदाला ते दिसलं, पण ती कुणाला सांगणार होती? खोटारड्या बाईचं ऐकतंय कोण. तिने हेमंतचा नंबर काढला, आणि न लावताच फोन खाली ठेवला.

गुरुवारी बातमी आली की यंत्रगाडीशी संपर्क तुटला आहे. तज्ज्ञ म्हणाले, धूळ असेल.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून ती आरशासमोर आली. करंड्यावरचा कापूस बाजूला पडला होता. पंख्याने उडाला असेल असं तिला वाटलं, पण थंडीमुळे पंखा महिनाभर बंदच होता. तिने कुंकू लावलं नाही, शरद गेल्यापासून लावतच नव्हती, नुसता कापूस परत दाबून बसवला. दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन थेट खोलीत येत होतं. टॉवेल वाळत घालायला ती तिकडे वळली.

डाव्या पावलाला काहीतरी गार लागलं.

तिने खाली पाहिलं. फरशीवर, करंगळीला लागून, पितळी झाकण होतं. स्वच्छ, घासल्यासारखं. पोचा मागे, टाचेच्या बाजूला, उत्तरेला.

टेबलावर फोन वाजू लागला. पडद्यावर हेमंतचं नाव होतं. हात पुढे केला असता तर पोचला असता.

वृंदाने हात पुढे केला नाही. बत्तीस वर्षं जे ती दुसऱ्यांना बजावत आली होती, ते तिच्या अंगानेच पाळलं. ती हलली नाही.

फोन वाजून वाजून थांबला.

ऊन समोरून तोंडावर येत होतं. आणि तिची सावली तिच्या पावलांपासून निघून, फरशीवरून सरळ गॅलरीकडे, उन्हाच्याच दिशेला गेली होती.