शिवेवर न टाकलेला मेढा

गाडीत कुणीच बोलत नव्हतं.

विमानतळाचं फाटक मागे पडून बराच वेळ झाला होता. भगवंतराव सर मागच्या सीटवर होते. मी पुढे, कवडूच्या शेजारी. इंजिनाची घरघर सुरू होती. पण तिच्यामुळे शांतता मोडत नव्हती, उलट अधिकच जड होत होती.

मग सर म्हणाले, "यांना जरा सरकून बसायला सांगा."

मी मागे वळलो.

सर खिडकीला चिकटून, अंग आखडून बसले होते. उरलेली सीट... रिकामी होती.

हे ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. साल एकोणीसशे शहाऐंशी, पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूर. रात्र नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. लख्ख दुपार होती. अंधाराला दोष देण्याची सोय मला नाही.

त्या दुपारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. विषय, आधुनिक मराठी कविता. बाहेरचे परीक्षक भगवंतराव सर मुंबईहून विमानाने येणार होते. त्यांना सोनेगावच्या विमानतळावरून शहराच्या कडेला असलेल्या विद्यापीठाच्या आवारात नेऊन पोहोचवणं, हे रिवाजाप्रमाणे परीक्षार्थ्याचंच काम. सरांना प्रबंध आवडलेला नाही, हे माझ्या मार्गदर्शकांनी मला आधीच कळवलं होतं. आता समोर बसून काय बोलता त्यावर सगळं आहे, असंही म्हणाले होते. पदवी मिळाली तर कॉलेजातली नोकरी हाताशी होती. नाही मिळाली तर आमचं मोहगाव, काकांची संत्र्याची बाग आणि जन्मभराचे टोमणे.

गाडी काकांची. कवडू त्यांचा ड्रायव्हर, मूळचा पांढुर्ण्याचा, आणि त्या दिवशी सकाळपासून धुमसत असलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांवर दगड फेकतात. ती चुकली याचा राग तो माझ्यावर काढत होता.

"तिकडं लोकं गोटे खाऊन राहिले," तो म्हणाला होता, "अन मी इथं तुमच्या मास्तरची पेटी उचलून राहिलो."

पण खरी गोष्ट पहाटेच सुरू झाली होती.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकायचे. घरातली वर्षभराची ईडापीडा त्यांच्यासोबत जाते. टाकून परत निघालं की मागे बघायचं नाही. मागून कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं, की ती पीडा त्या माणसासोबत घरी परतते. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी आमच्या घरात खोकला होता.

जयवंताकाकू अख्खा पावसाळा खोकत होत्या. आधी एक लांब ओढलेला श्वास. मग दोन कोरडे ठसके. आणि शेवटी एक बारीक कण्हणं, विहिरीच्या तळाशी कुणी कूस बदलावी तसं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनीच मेढा डिकीत ठेवायला लावला. जाता जाता शिवेवर टाका, असं दोनदा बजावलं.

शिवेवर बैलगाड्यांची दाटी होती. विमान चुकेल म्हणून कवडू थांबलाच नाही.

"पुढं टाकू न कुठंतरी," तो म्हणाला.

सौंसरच्या अलीकडे त्याने गाडी थांबवून डिकी उघडली. तेवढ्यात चार माणसं काठ्या घेऊन धावत आली. दुसऱ्या गावाची पीडा आपल्या शिवेवर कोण पडू देईल? त्यांच्यातला एक म्हातारा गाडीच्या टपावर काठी आपटून म्हणाला, "आपला मुर्दा आपल्या घरी ने."

पुढची सगळी गावंही तशीच जागी होती. प्रत्येक शिवेवर माणसं उभी होती. आमची गाडी हळू झाली की ती एक पाऊल पुढे येत.

मग नागपूर आलं. शहराला शीव नसते. घरं दाट होत जातात, इतकंच. मेढा डिकीतच राहिला.

आणि आता सर खिडकीला चिकटून बसले होते.

मी काही तरी पुटपुटलो. कवडूने आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सगळं शहर मारबतीची, म्हणजे ईडापीडेच्या पुतळ्याची, मिरवणूक पाहायला गेलं होतं. रस्ता ओस पडला होता. दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेली घरं, त्यांना दारं नव्हती, आणि आत उन्हाचे चौकोन पडलेले.

गाडीत ओल्या पानांचा वास येऊ लागला.

आणि मग...

एक लांब श्वास.

दोन ठसके.

कण्हणं.

सरांचे ओठ मिटलेले होते. ते बाहेर बघत होते. त्यांच्या कपाळावरची शीर तेवढी हलत होती.

विद्यापीठाच्या आवारात गाडी थांबली. सर उतरले, पण दार त्यांनी लगेच लावलं नाही. ते धरून उभे राहिले... एखाद्या वृद्ध बाईला उतरायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ.

कवडूने पेटी काढायला डिकी उघडली. पेटी होती.

मेढा नव्हता.

"तुमीनं टाकला काय, रवीभाऊ?" त्याने हळू आवाजात विचारलं.

मी नाही म्हणालो. तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.

परीक्षेच्या खोलीत आम्ही तिघे होतो. सर, माझे मार्गदर्शक आणि मी. सरांनी सुरुवातच अशी केली, "तुमच्या प्रबंधात कविता कमी आहे आणि तुम्ही फार आहात." मग एकामागून एक प्रश्न, प्रत्येकाला धार. मी मात्र बोलत गेलो. आदल्या रात्रीपर्यंत नसलेलं धैर्य कुठून आलं, ठाऊक नाही. बहुधा खोलीतही आलेल्या त्या ओल्या पानांच्या वासाकडे लक्ष जाऊ नये म्हणूनच मी बोलत होतो. मार्गदर्शकांचा चेहरा हळूहळू सैलावला. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी पेनचं टोपण काढलं. कागद पुढे ओढला.

सही व्हायची तेवढी राहिली होती.

आणि सरांनी एक लांब श्वास ओढला...

दोन ठसके. मग ते कण्हणं.

मी तो खोकला तीन महिने भिंतीपलीकडून ऐकला होता. चूक होणं शक्य नव्हतं.

सरांनी मान वर केली. मुंबईचा हा माणूस, ज्याच्या तोंडून दिवसभरात एक शब्द सैल निघाला नव्हता, माझ्याकडे बघून आमच्या बोलीत म्हणाला,

"झालं न तुहं? मंग आता मले घरी नेतं काय?"

मार्गदर्शक हसले. माझ्या गावंढळ बोलीची सर थट्टा करताहेत, असं त्यांना वाटलं. "अहो, द्या ना उत्तर," ते म्हणाले. "सर वाट बघताहेत."

सर खरंच वाट बघत होते. पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका पसरत होता.

त्या पहाटेनंतर काकूंचा खोकला आमच्या घरात पुन्हा कुणी ऐकला नाही. सरांचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. आजही पाठीमागून कुणी काही विचारलं, तर मी आधी वळून माणूस पाहतो आणि मगच तोंड उघडतो.

"रवींद्र, उत्तर द्या," मार्गदर्शक म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तुमच्या पदवीचा प्रश्न आहे."

मला नोकरी दिसली. मला घर दिसलं. दाराशी काकू, कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेत असलेल्या.

मी खुर्ची मागे सारली.

दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला... या वेळी टेबलापलीकडून नाही, माझ्या खांद्यामागून.

मी मागे न पाहता, काही न बोलता चालत राहिलो.