निरोगी गटातले उंदीर

सूनबाईला निरोगी माणूस सापडत नव्हता, सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत; पण हकीकत घरातून सुरू होते, म्हणून आपणही सूनबाईच म्हणू. तिचं काम आतड्यातल्या जिवाणूंवर. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, असं सांगणारे शोधनिबंध अलीकडे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते. कुणी म्हणे, जिवाणूंचा तोल जातो म्हणून मनाचा जातो. कुणी म्हणे, आजारात जेवण बदलतं, गोळ्या सुरू होतात, त्यानेच जिवाणू बदलतात. आधी काय नि मागून काय ते तर ठरवा! सूनबाईने ठरवलं, उंदरांनाच विचारू. रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू काही उंदरांच्या पोटात सोडायचे, निरोगी माणसाचे काहींच्या, आणि कोण कसं वागतं ते बघायचं. रुग्णांनी सगळं नीट विचारून घेऊन होकार दिला. निरोगी म्हणवणाऱ्यांनी मात्र नाकं मुरडली.

शेवटी सासरे पुढे सरसावले.

"माझं पोट म्हणजे घड्याळ आहे घड्याळ," जेवता जेवता ते छाती काढून म्हणाले. "ने लागेल तेवढं."

"ताटावर बसून काय विषय काढता!" सासूबाई कडाडल्या.

"अगं, विज्ञान आहे हे."

"मग ते हात धुतल्यावर काढा."

प्रयोग सुरू झाला. रुग्णांच्या गटातले उंदीर खात होते, झोपत होते, एकमेकांच्या शेपट्या ओढत होते. त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता. निरोगी गट मात्र अधूनमधून थबकायचा. चाक फिरवणारा चाक सोडायचा, खाणारा दाणा सोडायचा, आणि सगळे खिडकीकडच्या भिंतीपाशी येऊन कान टवकारून बसायचे. कुणीतरी हाक मारल्यासारखे.

"लेबलांची अदलाबदल झाली असणार," आकडेशास्त्री म्हणाला. सूनबाईच्या नोंदींचा हिशेब तपासणारा हा सहकारी, सगळे त्याला याच नावाने ओळखत. दोघांनी लेबलं तपासली. बरोबर होती. पिंजरे उलटे फिरवले; उंदीर उलटे फिरले. दिवे घालवले, पडदे ओढले, पिंजरे वेगळ्या खोलीत नेले. तोंडं त्याच दिशेला.

मग सासरे चार दिवस नणंदेकडे राहायला गेले, आणि उंदीर बरोबर विरुद्ध भिंतीकडे तोंड करून बसले. सूनबाईच्या हातातला हातमोजा गळून पडला. खिडकीच्या बाजूला तिचं घर होतं. या भिंतीपलीकडे, नदीपार, नणंदेचं.

आकडेशास्त्री आधी पोट धरून हसला. मग त्याने शहराचा नकाशा आणला, पट्टी ठेवली; रेघ सरळ नणंदेच्या दारात गेली.

"छापायचं का हे?" तिने विचारलं.

"छापा की. पुढच्या वेळी रुग्णांच्या गटासाठी तुमचाच नमुना मागतील."

तिला हसू आलं नाही. नसलेलं दिसण्या-ऐकण्याच्या आजाराचा अभ्यास करण्यातच तिचं सगळं आयुष्य चाललं होतं. आता आपलीच पाळी आली की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. आकडेशास्त्र्यालाही तेच दिसतंय, एवढाच काय तो आधार.

सासरे परतले. उंदीर पुन्हा खिडकीकडे वळले. एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. "हे बागेत जातो म्हणून गेले ते गेलेच! कुठे शोधू?" सूनबाईने पिंजऱ्याकडे पाहिलं. बाग डावीकडे होती. उंदीर उजवीकडे पाहत होते.

"आई, बेकरीत बघा," ती बोलून गेली.

सासरे बेकरीत सापडले, मिशीला क्रीम लागलेलं. घरी मोठा तमाशा झाला. "माझ्या मागे हेर लावलेत?" म्हणून त्यांनी अबोला धरला. त्यांना एकदा पिंजऱ्यांभोवती चालवून बघायचं तिच्या मनात होतं. आता विचारायची सोय उरली नाही.

आणि एका दुपारी, आकडेशास्त्री जेवायला गेला असताना, ते आपणहून दारात उभे राहिले.

"म्हटलं, बघावं तरी पोरांना."

"बाबा! अहो, सांगायचं नाही का? मी गाडी पाठवली असती."

ते नुसते हसले. आपल्या पोटाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. राग गेला नसेल अजून, तिला वाटलं. तिने त्यांना पांढरा कोट दिला आणि पिंजऱ्यांभोवती एक फेरी मारायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने मारली. मग दुसरी.

एकही उंदीर वळला नाही. सगळे घराच्या दिशेला तोंड करून बसले होते.

सूनबाईला एवढं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली. म्हणजे सगळा योगायोग! बेकरीसुद्धा. निबंध वाचला, डोकंही वाचलं. तिने हसत हसत घरी फोन लावला.

"आई, बाबा पोचले हं. काळजी करू नका."

"कुठे पोचले?" सासूबाई म्हणाल्या. "हे काय, समोर बसलेत. शब्दकोडं सोडवताहेत, आणि मला एक शब्द सांगू देतील तर शपथ!"

मागून खोकला आला. ओळखीचा. "कुणाचा गं फोन? सूनबाईचा का?"

सूनबाईने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

ती हळूहळू वळली.

तो शेवटच्या पिंजऱ्यावर वाकला होता, हात पाठीमागे बांधून, अगदी बाबा उभे राहतात तसा. एका उंदराच्या नाकासमोर त्याने बोट धरलं होतं. उंदीर त्या बोटाकडे बघतही नव्हता.

"घरी लावलास ना?" मान वर न करता त्याने हलकेच विचारलं. "मग विचार ना त्याला. माझी आठवण काढतो का कधी?"