एनिडचं कुलूप

तुम्ही हसाल, हसा. माझी शेजारीण लॉर्नाही हसली होती. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. कॉर्नवॉलमधलं आमचं बंदराचं गाव, २०१९च्या ऑक्टोबरमधला पहिला रविवार, दुपारचे दोन. रात्रसुद्धा नव्हती.

मी टॅम्सिन. माझा नवरा डेन्झिल. लग्नाला एकतीस वर्षं झालेली.

आणि तिसरी ती. १९७२ सालची कॅम्पर गाडी, आत झोपायची सोय असलेली. वर पांढरी, खाली फिकट हिरवी.

त्या उन्हाळ्यात डेन्झिलने ती बूड गावच्या हॉकिंग नावाच्या विधुर म्हाताऱ्याकडून घेतली आणि माझ्या घराची घडी विस्कटली. सकाळी उठला की आधी गाडीकडे. माझ्या गालावरून त्याचा हात फिरून किती वर्षं झाली होती, देव जाणे. तिच्या काचा मात्र रोज मऊ फडक्याने पुसायचा. जळफळाट व्हायचा माझा. पत्र्यावर जळणारी बाई, पण जळत होते खरी.

स्टीअरिंगला बाहेरून दिसेल असं कुलूप हवं, अशी विमावाल्यांची अट होती. डेन्झिलने तीन आणली.

पहिलं पिवळ्या थाळीसारखं, अख्खं चाक झाकणारं. जुन्या गाडीचं चाक परातीएवढं, त्यावर ते बसेना. दुसऱ्याला आडवा दांडा होता. तो काचेला टेकला. तिसरं बसलं, पण त्या बारीक चाकावर गोल गोल फिरत राहिलं. चोरालाही हसू आलं असतं.

मग मला सीटखाली एक जुनं कुलूप सापडलं. लांब सळई, दोन्ही टोकांना आकडे. एक ब्रेकच्या पायपट्टीला, दुसरा चाकाला. चपखल बसलं. किल्ल्या दोनच, एकाच कडीत.

मी हॉकिंगना फोन केला.

"ते आमच्या एनिडचं, माझ्या बायकोचं," ते म्हणाले. "मी एकट्याने भटकायला जाऊ नये म्हणून लावायची. किल्ल्या स्वतःपाशी. डावीकडे बसून दोन केशरपाव संपवायची, तेव्हा कुठे मला किल्ली मिळायची. तुम्ही दुसरं घ्या, बाई."

डेन्झिलला मी यातलं काही सांगितलं नाही. उलट हेच ठेवू म्हटलं. एनिडचं मन मला बरोबर कळलं होतं.

त्या रविवारी पॅडस्टोला जुन्या गाड्यांचा मेळा होता. शेजारची सीट रिकामी, पण डेन्झिलने मला 'येतेस का' असं विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळी मी कुलूप लावलं. धक्क्यावर गेले. दोन्ही किल्ल्या समुद्रात टाकल्या.

रविवारी जेवण करून तो बाहेर गेला. मी स्वयंपाकघरात बसले. आता ओरडत येईल, मग आपण साळसूदपणे शोधायला लागू.

तो आला नाही.

आणि मग… इंजिन सुरू झालं.

मी खिडकीशी धावले. अंगणात तेलाचा डाग तेवढा होता. गाडी नव्हती.

चारला लॉर्ना मिश्किल चेहऱ्याने आली.

"काय गं, परतलात पण? उतारावर मला हात केलास की. नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून, या वयात."

मी घरातच होते म्हटलं, तर ती हसली.

सहाला डेन्झिल आला. शीळ घालत.

"गाडी नीट लावेपर्यंतही थांबली नाहीस," तो म्हणाला. "टॅम, कुलूप काढून तू आधीच सीटवर बसली होतीस ना, ते पाहून इतकं बरं वाटलं मला. किती वर्षांनी तू अशी हसलीस गं. आणि चक्क दोन केशरपाव! तुला तर केशराचा वास सोसत नाही."

आणि त्याने माझ्या गालावरून हात फिरवला.

मी बाहेर जाऊन पाहिलं. कुलूप चाकाला लावलेलं होतं. घट्ट.

डाव्या सीटवर… पिवळा चुरा.

सांगायला हवं होतं, कळतं मला. पण ज्या बाईवर तो इतका खूश होता ती मी नव्हतेच, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता दर शनिवारी तो विचारतो, "उद्या येणार ना?" मी हो म्हणते. एकदा त्याच्या आधी जाऊन बसायला निघाले, तर डावं दार उघडेना. आतून कोणीतरी धरून ठेवलं होतं…

रविवारी दोनला उजवं दार वाजतं. मग… डावं.

परवा तो परत आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"घरात आलीस की तू बदलतेस, टॅम. गाडीतच बरी असतेस."

तेव्हापासून रविवारी मी घराला आतून कडी लावून बसते. न जाणो, त्याच्या मागोमाग तीही उतरली तर.