खोलीची शांतता

दार ढकलून ती आत पाऊल टाकते न टाकते तोच जमिनीवरून एक हात वर आला आणि कोणीतरी कुजबुजलं, "हलू नका."

ती हलली नाही. एक पाय खोलीत, दुसरा अधांतरी, खांद्यावरून घसरत चाललेली बॅग... नोकरीचा पहिलाच दिवस आणि ही तऱ्हा. समोर गालिच्यावर एक तरुण उताणा पडला होता. कानांना हेडफोन, डोळे मिटलेले, आणि चेहरा असा की पलीकडून त्याला कोणीतरी गुपित सांगतंय. तिला हसू फुटायला लागलं. तिने ओठ दाबले. आणि नेमकं तेव्हाच तिच्या खिशातून आवाज आला – टिंग.

त्याने डोळे उघडले.

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?"

"शांतता. छान जमत आली होती." तो उठून बसला. "काय वाजलं ते?"

"घड्याळ."

"घड्याळ मनगटावर असतं. हे उजव्या खिशातून आलं."

"मग खिशातलं घड्याळ," ती म्हणाली आणि कानशिलांपर्यंत लाल झाली.

तो हसला. पुढे काही विचारलं नाही. घसरलेली बॅग तेवढी उचलून दिली.

तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम चाले. दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. आतल्या खोलीत वाचणारा बसायचा, बाहेरच्या खोलीत यंत्रांपाशी हा. जिन्यावर कोण चढतंय आणि कुठल्या रागात, हे तो पावलांवरून सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. नवं पुस्तक सुरू करण्याआधी तो रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता घेऊन ठेवायचा. वाचताना कुठे थांबलं, तुटलं, तर त्या सांध्यात ही शांतता भरायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दुसरीकडची आणून लावली तर ठिगळ कळतं, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला यावरून चिडवायचे. ती चिडवायची नाही, कारण त्या कानांची तिला धास्ती बसली होती.

खिशात घड्याळ नव्हतंच. शाळेत असल्यापासून तिला डायबिटीस होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. दंडावर बाहीखाली नाण्याएवढी चकती, खिशात तिचं छोटंसं यंत्र. रक्तातली साखर उतरली की ते टिंग करायचं, मग दोन गोड गोळ्या चघळायच्या, थोडं थांबायचं, की गाडी रुळावर. एवढंच. पण आधीच्या नोकरीत हे 'एवढंच' तिने साहेबांना विश्वासाने सांगितलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते षट्कर्णी झालं. कोणाचा वाढदिवस असला की केकची ताटली तिला वळसा घालून जायची. "तुला चालतं का गं?" असं लोक जिन्यातसुद्धा विचारायचे. आणि एक दिवस सकाळच्या बातम्या वाचायचं तिचं आवडतं काम दुसरीला गेलं – तुझ्याच भल्यासाठी, असं म्हणून. काचेच्या कपाटातल्या कपबश्यांसारखं त्यांनी तिला जपून ठेवलं. ती नोकरी सोडून आली ती कानाला खडा लावूनच.

"लपवतेस काय?" तिची ताई फोनवर म्हणायची. "चोरी केलीस का कोणाची?"

"चोरी केली असती तर लोक एव्हाना विसरले असते गं."

इथलं सगळं बघणाऱ्या मॅडमनी तिला आधी लहानसहान पुस्तकं दिली होती. उशीएवढी जाड एक कादंबरी कपाटात वाट बघत होती. त्या कादंबरीसाठी शेवटपर्यंत एकच आवाज हवा होता, आणि तो आपला असावा असं तिला मनापासून वाटत होतं. अडचण एकच. मॅडमचा नियम होता – प्रकरण एका दमात. लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही, पाण्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. "सांधा आला की जीव गेला," मॅडम म्हणायच्या.

तिने काय करावं? खिशातलं यंत्र वाजू नये म्हणून ते बॅगेत घालून बाहेरच ठेवायला सुरुवात केली. शहाणी मुलगी, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही.

व्हायचं तेच झालं. एके दिवशी प्रकरणाच्या मध्यावर ओळी डोळ्यांपुढे हलायला लागल्या, हात गार पडले. तरी ती वाचत राहिली. तेवढ्यात काचेपलीकडून कानसेनचा आवाज आला, "माफ करा... माझ्याकडे खरखर येतेय. पाच मिनिटं द्या."

देव पावला. तिने पाठ फिरवून गोळ्या तोंडात टाकल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खरखर आली. मग पुन्हा. दर वेळी अगदी वेळेवर. आणि त्या पाच मिनिटांत तो बटण दाबून काहीबाही बोलत बसायचा.

"तुम्ही 'पण' फार छान म्हणता."

"'पण' काय छान म्हणायचं?"

"बाकीचे 'पण' म्हणतात तेव्हा दार लागतं. तुम्ही म्हणता तेव्हा... उघडतं."

ती पुस्तकात तोंड खुपसायची. पुढच्या वाक्यात 'पण' आलं की जीभ अडखळायची, आणि काचेपलीकडे तो निष्पाप चेहऱ्याने बटणं फिरवत असायचा. खरं सांगायचं तर हल्ली सकाळी बाही नीट करताना ती आरशासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळायची.

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी जिना चढताना तिला मॅडमचा आवाज ऐकू आला.

"दोनदा माणूस बोलावून यंत्र तपासलं. यंत्रात दोष नाही म्हणतो. मग दोष कोणात? कादंबरीसाठी मी दुसरा रेकॉर्डिस्ट बघते."

"बरं," कानसेन म्हणाला. एवढंच. बरं.

ती पायरीवर उभी राहिली. मग वळली नाही, सरळ गच्चीवर गेली. थोड्या वेळाने तोही आला. बारीक भुरभुर चालू होती. दोघं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहिले.

"यंत्र ठणठणीत आहे ना?" तिने विचारलं.

"ठणठणीत."

"मग खरखर कुठून येते?"

तो टाकीचा गळका नळ पिळून घट्ट करायला लागला.

"तुम्हाला काय माहीत आहे माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. तुम्ही शब्दांची शेवटची अक्षरं खायला लागलात, की तुम्हाला पाच मिनिटं लागतात. मग तुम्ही पुन्हा पहिल्यासारख्या. का, ते माहीत नाही."

"विचारलं का नाही?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून."

तिला भरून आलं, आणि त्याचाच राग आला. "आणि परस्पर ठरवलंत? माझ्या भल्यासाठी माझ्या पाठीमागे ठरवणारी माणसं मी एकदा पाहिली आहेत. तुमची नोकरी गेली असती तर ते ओझं मी कुठे ठेवायचं होतं?"

"चुकलं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर तुम्हाला सांगावं लागलं असतं... त्यातून मला वाट सापडेना."

भुरभुर वाढली. मग तिने सांगितलं. शाळेपासूनचं, चकतीचं, केकच्या ताटलीचं, सगळं. तो 'अरेरे' म्हणाला नाही. तिच्याकडे वाकून, आवाज घेतो तसा, ऐकत राहिला. सगळं झाल्यावर म्हणाला, "त्या गोळ्या कुठे असतात?"

"डाव्या खिशात."

"म्हणजे घड्याळाच्या पलीकडे."

ती हसली. डोळे पुसत हसली.

"लोक नुसतं म्हणतात, तोंडात साखर पडो," तो म्हणाला. "तुमच्या बाबतीत मनावर घ्यावं लागणार."

"मॅडमना मी सांगणार आहे. मी. तुम्ही नाही."

"मी कुठे तोंड उघडलंय?"

"आणि खरखर बंद."

"बंद," तो म्हणाला. थोडा हिरमुसलाच.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. हात गार होते, आणि ते साखरेमुळे नव्हतं.

"मला एक दुखणं आहे," ती म्हणाली. "आयुष्यभराचं. औषधं चालू आहेत, आवाजाला धोका नाही. कामात मला मध्ये थांबण्याची मुभा लागेल, खिशात एक यंत्र आणि काही गोळ्या ठेवाव्या लागतील. यंत्र कधी वाजेल. आणि खरखर रेकॉर्डिंगच्या यंत्रात नव्हती, ती माझ्यासाठी होती. कानसेनचा दोष नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "दुखण्याचं नाव काय?"

"सांगायलाच हवं का?"

आता तुझ्याच भल्यासाठी, असं काहीतरी येणार, म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

"नको," मॅडम म्हणाल्या. "मला काम समजलं म्हणजे झालं. पण एक सांगते. तुम्हाला अचानक काही झालं, तर काय करायचं हे इथे एका माणसाला तरी ठाऊक पाहिजे. त्यात मी माघार घेणार नाही."

"तो माणूस मी निवडला तर चालेल?"

"कोण?"

"कानसेन."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "त्याला विचारलंत?"

"नाही. त्यानेही मला विचारलं नव्हतं."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. मात्र सांध्यांचं त्यांना पटेना. त्यांनी कानसेनला बोलावून खरखर आली होती ते प्रकरण लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. दोन सांधे त्यांनी बरोबर पकडले आणि खूश झाल्या.

"आणखी आहेत?"

"आहेत," तो म्हणाला.

"कुठे?"

"सांगणार नाही."

"दोघांनाही सांगायचं नसतं," मॅडम पुटपुटल्या आणि कपाटातून कादंबरी काढून तिच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून प्रकरण एका दमात हा नियम गेला. हिशेबनीस बाईंनी दोनदा कारण विचारलं. "मी म्हणते म्हणून," मॅडम म्हणाल्या, आणि गोष्ट तिथेच राहिली.

कादंबरीच्या पहिल्या सकाळी ती आतल्या खोलीत बसली. खिशात यंत्र होतं, उघडपणे. काचेपलीकडे त्याने हेडफोन चढवले, बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"एक विचारायचं होतं. या वेळी विचारतोय, लक्षात घ्या."

"विचारा."

"काम झाल्यावर... म्हणजे रोज काम झाल्यावर... या काचेच्या एकाच बाजूला बसता येईल का आपल्याला? उत्तर लगेच नको. आधी खोलीची शांतता घेऊ. हलू नका."

आणि त्या भित्र्याने लाल दिवा लावून टाकला.

आता बोलायचं नाही, हलायचं नाही. तो यंत्रावर नजर ठेवून बसला, कान मात्र लालबुंद. तिने ओठ घट्ट दाबले. आतून असं काही उचंबळून येत होतं की श्वासालाही आवाज होईल... आणि मिनिट सरत आलं तेव्हा – टिंग.

"गेली," तो म्हणाला. मग एकदम काळजीने, "गोळी घ्या आधी."

तिने डाव्या खिशातून गोळ्या काढल्या, आणि या वेळी पाठ फिरवली नाही. त्याच्याकडे बघत सावकाश चघळल्या. जरा थांबली.

"शांतता पुन्हा घ्यावी लागेल," तो म्हणाला.

"आधी उत्तर ऐक," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं होतं. "नाहीतर हसू येईल त्यात. हो."

"हो?"

"हो. पण..."

"पण काय?"

"काही नाही. तुला आवडतं ना, म्हणून म्हटलं."

त्याने काचेवर कपाळ टेकलं. ती काचेपर्यंत गेली आणि तिनेही टेकलं. मग दोघं आपापल्या जागी बसले, दिवा लागला आणि खोलीची शांतता पुन्हा घेतली. या वेळी काहीच वाजलं नाही.

ती कादंबरी आज कितीतरी लोक ऐकतात. जिथे जिथे ती थांबली, तिथे तिथे त्या सकाळची ती शांतता भरलेली आहे. ऐकणाऱ्यांना सांधा कळत नाही, आणि कशासाठी थांबली तेही कळत नाही. ते या दोघांना ठाऊक आहे, आणि दोघंही कोणाला सांगत नाहीत.