एका कपाळाला पस्तीस पट्ट्या

घरात आल्यापासून देवस्थळी मॅडमनी पोरीकडं एकदाही धड पाहिलं नव्हतं. नुसत्या हातातल्या पडद्यावरचे हिरवे ठिपके सरकवत बसल्या होत्या. चांगुणाबाईंचं डोकंच फिरलं.

"ठिपके कुठं पळून जात नाहीत, मॅडम. पोरगी बघा!"

पोरगी म्हणजे त्यांची नात समृद्धी, पाचवीतली. तीन दिवस ती एकच बोलत होती, "पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात."

राज्यातल्या सगळ्या शाळांत आता ठसापट्टी आली होती. कपाळाला बांधली की ती धड्याचा ठसा थेट मेंदूत उमटवी. ठसा बसला की हिरवा दिवा लागे, आणि मॅडमच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका. पट्टी मॅडमच्याच प्रयोगशाळेतली. गावच्या शाळेला पाचवीसाठी चाळीस मिळाल्या, आणि पटावरची चौतीस मुलं आईबापांबरोबर दूर वीटभट्टीवर. दिवे लागले नाहीत तर शाळा बंद. मग गुरुजींनी तपासणीच्या दिवसाची जुनी रीत काढली: गैरहजर पोरांच्या जागी हुशार पोरगी बसवायची. स्वतःची झाल्यावर समृद्धीच्या कपाळाला रोज एक परकी पट्टी, धडा मात्र तोच.

चांगुणाबाईंनीच आळीभर मिरवलं होतं, "आमची समी अख्ख्या वर्गाचं एकटी शिकते!"

"मेंदूत पाऊलवाटा असतात, आजी," मॅडम म्हणाल्या. "एकच वाट पस्तीसदा तुडवली की सगळे विचार तिथूनच जातात. बाकीच्या वाटांवर गवत माजतं."

"माझ्याकडं येणारी वाट?"

"बहुतेक... बुजली."

"उघडंल?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"एकच डोकं आहे, हे तुमच्या यंत्राला कळत नाही व्हय?"

"कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात."

"तवा किती झाल्या होत्या?"

"पाच. पण अशा नऊशे शाळा निघाल्या. बोलले असते तर योजनाच गुंडाळली असती. आधीच्या सहा योजना अशाच बुडाल्या."

चांगुणाबाईंनी नातीची हनुवटी धरली. "समे, मी कोण गं?"

पोरगी गोड हसली. "वाफेचे ढग होतात."

चांगुणाबाई उठल्या. त्यांनी दार सताड उघडलं.

"गुरुजी भित्रा निघाला, मी मिरवणारी निघाले. आम्हाला कळलं न्हाई. तुम्हाला पाचव्या पट्टीला कळलं, आन् तुम्ही गप बसलात. मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, असं आजपास्नं कुणाला सांगू नका."