मागची डावी बाजू

काष्टीच्या कल्याणची गाडी वळणावर पाळण्यासारखी झुलायची. जुनी, उंच, शॉकअप गेलेली. आई रतनबाईला डायलिसिससाठी तो त्याच गाडीतून नगरला न्यायचा, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ओकून ओकून म्हातारीतलं त्राण संपलेलं असायचं.

नवं सस्पेन्शन परवडण्यातलं नव्हतं. नगरच्या मेहताब मिस्त्रीनं आहे त्या स्प्रिंगा कापायला साफ नकार दिला. कापल्या की गाडी उड्या मारते, म्हणाला. त्यानं भंगारातल्या एका गाडीच्या आखूड, कडक स्प्रिंगा शोधून बसवल्या, दोन चाकांना जोडणारा जाड दांडा टाकला, झिजलेली रबरं बदलली. गाडी चार बोटं खाली आली.

परतताना ती रुळावरून जावी तशी वळली. रतनबाई मागच्या सीटवर चक्क झोपली. आरशात तिचा शांत चेहरा बघताना कल्याणचे डोळे भरून आले.

मग मागचं डावं चाक आतून घासायला लागलं. जळक्या रबराचा वास यायचा. आई बसायची उजवीकडे, डिकी रिकामी, तरी गाडी डावीकडे दबलेली. अंगणात उभी असतानासुद्धा. कल्याणनं चाकातली हवा तपासली, गाडी दुसऱ्या जागी लावून पाहिली. दबलेलीच.

डावीकडं काही ठेवतेस का, असं त्यानं आईला विचारलं.

"न्हाई रं," ती म्हणाली. "ते बसलं की गाडी हालत न्हाई. बसू दे."

"कोन, आई?"

ती खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिली.

दर खेपेला गाडी आणखी दबत गेली आणि आई हलकी होत गेली. तिला उचलून सीटवर ठेवताना नुसतं लुगडं उचलल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी तिला मशीनवर सोडून तो जुन्या स्प्रिंगा परत बसवून घ्यायला मेहताबकडे गेला. मेहताबनं जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं. अशा वेळी भार निघून स्प्रिंग सैल होते, लांबते. ही लांबली नाही. हवेतसुद्धा तशीच दबून राहिली, वेटोळ्याला वेटोळं टेकलेलं.

मेहताबनं तिच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग रिकाम्या मागच्या सीटकडे पाहिलं.

"भाऊ, गाडी खाली घेतो," तो हळू बोलला. "हिला मी हात लावणार नाही."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. आई मशीनवरच गेली होती.

अॅम्ब्युलन्सच्या मागोमाग कल्याण एकटाच गाडी घेऊन काष्टीला आला. चाक वाटभर घासत होतं.

दिवसकार्य उरकल्यावर त्यानं अंगणात जाऊन गाडीचं मागचं डावं दार उघडलं.

"तिला नेलंस न्हवं?" तो म्हणाला. "आता उतर."

काहीच झालं नाही.

मग स्प्रिंग करकरली. गाडी सावकाश वर आली. चारी बाजूंनी सरळ.

कल्याणनं दार लावलं आणि कांद्याला पाणी सोडलेलं बघायला तो शेताकडे निघाला. मागून त्याची बायको पंकजा भाकरी घेऊन येत होती.

"पाय दुखतोय का वो?" तिनं विचारलं. "एका अंगावर चालताय."

दुखत नव्हता. त्यानं वळून पाहिलं. ओल्या सरीत त्याची पावलं उमटली होती. उजवी जेमतेम दिसत होती.

डावी घोटाभर खोल गेली होती, आणि त्यांत पाणी भरत होतं.